उत्तेजनाची ड्यूटी

डॉक्टरला ताप आला तर लोक हळहळतात. वकिलावरच खटला झाला तर गालातल्या गालात हसतात. पण चर्चच्या पाळकाचं, म्हणजे माझ्यासारख्या माणसाचं, तोंड उतरलेलं दिसलं की लोक घाबरतात. "पाळकसाहेब, तुम्हीच असे बसलात तर आम्ही कुणाकडे बघायचं?" याला उत्तर देता येत नाही, कारण ती विचारणा नसून तक्रार असते. त्यामुळे पाळकाला दोनच चेहरे बाळगता येतात, प्रसन्न आणि प्रार्थनामग्न. पहिला जमेनासा झाला की डोळे मिटायचे.

आठवड्यातून एकदा, व्यासपीठावर, हे निभावून नेता येत होतं. पण कार्यकारी मंडळाच्या एका सभेत कुणीतरी सुचवलं, की पाळकांनी रोज सकाळी सगळ्यांच्या फोनवर उत्तेजनाच्या, म्हणजे धीर देणाऱ्या, दोन ओळी पाठवाव्यात. ज्या सूचनेला पैसे लागत नाहीत ती आमच्याकडे एकमतानं मंजूर होते. त्याच सभेत छपराच्या गळतीचा विषय पुढच्या सभेवर ढकलला गेला.

दोन ओळी म्हणजे काय मोठंसं, असं तेव्हा मलाही वाटलं होतं. तासाभराच्या उपदेशात माणसाला लपायला जागा असते. एखादा मुद्दा फसला तर "आता आपण दुसऱ्या वचनाकडे वळू" म्हणून पळ काढता येतो. दोन ओळींत पळणार कुठे? शिवाय त्या वाचणाऱ्याची अपेक्षा अशी, की पहिल्या ओळीत आपली अडचण असावी आणि दुसऱ्या ओळीत ती सुटलेली असावी.

प्रतिसाद मात्र भरघोस. मी 'पाठवा'वरचं बोट उचलायच्या आत जोडलेल्या हातांची चित्रं येऊ लागतात. एक गृहस्थ तर इतक्या तत्परतेनं 'आमेन' लिहितात, की त्यांनी ते आदल्या रात्रीच लिहून ठेवलेलं असावं. नंतर कळलं की खरे वाचणारे 'आमेन' लिहीत नाहीत. ते फोन करतात.

"क्षमा करा, जशी तुम्हांला क्षमा झाली आहे" अशा आशयाचं मी एका सकाळी लिहिलं. नाश्त्याच्या आत दोन फोन. पहिल्या बाईंचा प्रश्न, "तिनं येऊन तुम्हाला काय सांगितलं?" दुसऱ्या बाईंचा प्रश्न शब्दशः तोच. मला तोवर त्यांचं भांडण आहे हेच माहीत नव्हतं. दोघींनी मिळून ते मला तपशीलवार सांगितलं. दानाबद्दल लिहिलं की खजिनदार खूश होतात आणि बाकी सगळ्यांचे फोन एकाएकी बिघडतात. धीराबद्दल लिहिलं की गायकवृंदाच्या प्रमुखांना वाटतं टोला त्यांच्या लांबलेल्या सरावाला आहे. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रातला जिभेबद्दलचा भाग एकदाच घेतला. त्या दिवशी कुणी काहीच बोललं नाही. माझ्या सेवेतला तो सर्वांत परिणामकारक संदेश ठरला असावा. आणि काहीजण माझी ओळ वाचतात, मान डोलवतात, आणि जिला तिची खरी गरज आहे अशा नणंदेला पाठवून मोकळे होतात.

मग मी ठरवलं की स्वतःचं डोकं चालवायचं नाही, सरळ शास्त्रातलं वचनच द्यावं. वचनावर कोण रुसणार? इथे मात्र मला एका फ्रेंच मुद्रकाचा राग येऊ लागला. रोबेर एस्तिएन हे त्याचं नाव. 1551 साली त्यानं नव्या कराराच्या, म्हणजे बायबलच्या दुसऱ्या भागाच्या, प्रत्येक अध्यायात वचनांना आकडे घातले, आणि आज आपण वापरतो ते हेच आकडे. हे काम त्यानं प्रवासात, घोड्यावर बसून केलं अशी आख्यायिका आहे, आणि काही वचनं जिथे तुटली आहेत ती जागा पाहून घोडा ठेचकाळला असावा असा विनोद अभ्यासक करतात. पण आकडे पडले आणि सोय झाली. पत्रातून हवं ते वाक्य उचलावं, चौकटीत घालावं, मागे सूर्योदय लावावा.

उदाहरणार्थ यिर्मया 29:11, म्हणजे यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या एकोणतिसाव्या अध्यायाचं अकरावं वचन. तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, असं देव म्हणतो. हे वचन पदवीदानाला चालतं, नव्या नोकरीला चालतं, नोकरी गेल्यावर तर फारच चालतं. मात्र त्याच्या मागचं दहावं वचन मी आजवर कुठल्याही भेटकार्डावर पाहिलेलं नाही. त्यात सत्तर वर्षं लागतील असं लिहिलंय. ते यिर्मयाचं पत्र बाबेलात (बॅबिलोनमध्ये) कैद करून नेलेल्या लोकांना होतं, आणि त्यात सांगितलं होतं की घरं बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्नं करा, इतक्यात परत यायचं होणार नाही. त्याच्या आधीच्याच अध्यायात हनन्या नावाचा एक संदेष्टा भेटतो. त्यानं भर मंदिरात लोकांना सांगितलं होतं, दोन वर्षांत सगळं ठीक होईल. याला म्हणतात उत्तेजन! मतदान घेतलं असतं तर यिर्मयाची अनामत जप्त झाली असती. हनन्या त्याच वर्षी वारला. रोज सकाळी लोकांना आशा पुरवण्याचं काम ज्यांच्याकडे आहे, त्यांनी हा अध्याय रात्री वाचू नये.

पौल या प्रेषितानं फिलिप्पैकरांस, म्हणजे फिलिप्पै गावच्या मंडळीला, लिहिलेल्या पत्राची गत तीच. चौथ्या अध्यायातलं तेरावं वचन, 'जो मला सामर्थ्य देतो त्याच्यामुळे मी सर्व काही करू शकतो', हे परीक्षेच्या मोसमात मुलांच्या कंपासपेटीत असतं. पौलानं ते बंदिवासातून लिहिलं, आणि 'सर्व काही' म्हणजे पोट भरलेलं असणं आणि उपाशी राहणं, दोन्ही निभावता येणं, हे एक वचन आधी स्पष्ट केलंय. बीजगणिताचा उल्लेख नाही. पण मला त्या अध्यायाची सुरुवात जास्त आवडते. 'प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा' हे सुप्रसिद्ध चौथं वचन. आणि दुसऱ्या वचनात? युवदीया आणि सुंतुखे या दोन कष्टाळू बायकांचं बिनसलंय, त्यांनी एकचित्त व्हावं म्हणून पौल नावं घेऊन विनवतोय. नावं घेऊन! दोन हजार वर्षं त्यांचं भांडण जगभर वाचलं जातंय आणि ते कशावरून होतं हे कुणालाच कळलेलं नाही. आमच्याकडच्या दोघींना मी हे सांगितलं. आपली नावं कुठल्याही पत्रात नाहीत या विचारानं त्यांना फार बरं वाटलं. मला वाटतं, त्या आठवड्यात मी दिलेलं खरं उत्तेजन तेवढंच.

या सगळ्या खटाटोपात नीतिसूत्रांचा सत्ताविसावा अध्याय वाचत असताना चौदाव्या वचनापाशी मी थबकलो. जो पहाटे उठून आपल्या मित्राला मोठ्यानं आशीर्वाद देतो, त्याचा आशीर्वाद शापच समजला जाईल. मी ते वचन कार्यकारी मंडळाच्या निदर्शनास आणून दिलं. सचिवांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पाळकसाहेब, तुम्ही मोठ्यानं कुठे देता? तुम्ही लिहून देता."

आपलीच ओळ दिवसभर आपल्या मागे फिरते, हा या ड्यूटीतला सगळ्यात वाईट भाग. सकाळी 'उद्याची चिंता करू नका' लिहिलेल्या माणसाला दुपारी चाव्या सापडत नाहीत. तो सोफ्याच्या उशा फेकू लागतो. दारात आमच्या सौभाग्यवती उभ्या. त्या मदत करत नाहीत, रागावतही नाहीत. फक्त विचारतात, "अहो, आज काय लिहिलं होतंत?" या बाईंनी धर्मशास्त्राचं शिक्षण घेतलेलं नाही, पण वचन नेमक्या जागी लावण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. 'राग येण्यास मंद असा' हे मी टाळतोच आता. ज्या दिवशी विजेचं बिल यायचं असतं त्या दिवशी तर नक्कीच.

सोळाव्या शतकातल्या मार्टिन ल्यूथर या जर्मन धर्मसुधारकाकडे हा फोन नव्हता. त्याच्या न्हाव्यानं, पेटरनं, त्याला विचारलं की प्रार्थना कशी करावी. ल्यूथरनं 1535 साली त्या एका माणसासाठी छोटंसं पुस्तक लिहून दिलं, आणि दाखलाही त्याच्याच धंद्यातला घातला: चांगल्या न्हाव्याचं सगळं लक्ष वस्तऱ्यावर असतं, तसं प्रार्थनेत मन असावं. इतकं मापात बसणारं उत्तेजन मी कधी दिलेलं नाही. आता पुढची हकिकत सांगू नये, पण सांगतो. त्याच वर्षी एका जेवणाच्या प्रसंगी पेटरनं आपल्या जावयाला भोसकून मारलं. त्याला फाशी न होता हद्दपारीवर सुटका मिळावी म्हणून ल्यूथरलाच रदबदली करावी लागली. 'आमेन' म्हणणाऱ्यांचं पुढे काय होतं याचा हिशेब ठेवू नये, असं तेव्हापासून माझं मत आहे.

काही घरांत मात्र मी दोन ओळी घेऊन जात नाही. जिथे मरण नुकतंच येऊन गेलंय तिथे 'यात काहीतरी योजना असेल' म्हणणारे आधीच तीनचार जण बसलेले असतात. बायबलमधल्या इय्योबावर संकटं कोसळली तेव्हा त्याचे मित्रही असेच भेटायला आले होते. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, एकानंही शब्द काढला नाही. तिथेच उठून घरी गेले असते तर जगातले आदर्श सांत्वनकर्ते ठरले असते. पण ते बोलले. पुढे कित्येक अध्याय बोलले. शेवटी देवाला त्यांच्यावर रागवावं लागलं. असल्या घरी मी खुर्ची घेतो आणि बसतो. कुणी पाण्याचा पेला आणून दिला तर पितो. पाळकसाहेब गप्प का म्हणून कुणी विचारत नाही, त्यामुळे मलाही तिथे हलकं वाटतं, आणि असं वाटल्याची लाजही वाटते.

रविवारचं सगळं आटोपून सोमवार उजाडला की मात्र मला एलीया संदेष्टा आठवतो. कर्मेल डोंगरावर त्यानं आकाशातून अग्नी उतरवून दाखवला, सगळी प्रजा पालथी पडली. आणि लगेच ईजबेल राणीच्या एका धमकीनं हा वीर रानात पळाला, एका झुडपाखाली बसून 'आता पुरे, मरण दे' म्हणू लागला. भर रविवारच्या उपासनेनंतरचा सोमवार याहून अचूक कुणी लिहिलेला नाही. देवदूत आला. त्यानं वचन दिलं नाही, सूर्योदयाचं चित्र पाठवलं नाही. 'ऊठ, खा' म्हणाला. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई. एलीयानं खाल्लं आणि पुन्हा झोपला. देवदूतानं झोपू दिलं, आणि मग पुन्हा तेच, ऊठ, खा.

चार्ल्स स्पर्जन हा इंग्लंडमधला उपदेशकही मला सोमवारी जवळचा वाटतो. 1834 ते 1892 हा त्याचा काळ. लंडनमध्ये हजारोंच्या गर्दीपुढे बोलायचा, आणि औदासीन्यानं आयुष्यभर पछाडलेला. हे त्यानं लपवलं नाही. पाळक होऊ घातलेल्या आपल्या विद्यार्थ्यांना त्यानं पाळकाच्या खचून जाण्यावरच एक अख्खं व्याख्यान दिलं, आणि मोठ्या यशाच्या आधी व नंतर हे हमखास होतं असं सांगून ठेवलं. आमच्या अभ्यासक्रमात मात्र विवाहविधीची नोंदवही कशी भरावी हेच शिकवलं गेलं.

मागे मला कडक सर्दी झाली होती तेव्हा मी दोन ओळींऐवजी एवढंच लिहिलं: "आज बरं वाटत नाही." त्या दिवशीचे प्रतिसाद जपून ठेवलेत. एका आजींनी वाफ घ्यायला सांगितलं. सदैव तत्पर गृहस्थांनी सवयीनं 'आमेन' लिहिलं. दुपारी त्या दोन बाया, एकमेकींशी बोलत, एकाच डब्याला दोन बाजूंनी धरून दारात हजर झाल्या. क्षमेवरच्या माझ्या ओळीनं जे झालं नाही ते माझ्या नाकानं केलं होतं.

अर्थात रविवार चुकत नाही, आणि रविवारी बोलावं लागतंच. लांबलं तर मी पौलाचा दाखला देतो. त्रोवस गावात तो दुसऱ्या दिवशी निघणार होता म्हणून मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला. माडीवर पुष्कळ दिवे, खिडकीत युतुख नावाचा तरुण. त्याला झोप लागली आणि तो तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. उचलला तेव्हा मेलेला होता. पौल खाली गेला, त्याला कवटाळलं, म्हणाला घाबरू नका, याच्यात जीव आहे. मग वर येऊन भाकर मोडली, खाल्ली, आणि पुन्हा थेट उजाडेपर्यंत बोलला! ही हकिकत लिहिणाऱ्या लूकनं हे सगळं तपशिलानं टिपलंय, दिवेसुद्धा. पण त्या रात्रभरच्या भाषणातलं एक वाक्यही त्यानं लिहून ठेवलेलं नाही. शेवटी एवढंच नोंदवलं, की त्या मुलाला जिवंत घरी नेलं आणि लोकांना फार दिलासा मिळाला.

आमचं उपासनागृह तळमजल्यावर आहे, खिडक्यांना गज आहेत. बांधकाम माझ्या येण्याच्या आधीचं, पण मागच्या महिन्यात कार्यकारी मंडळानं माझ्या नियुक्तीची मुदत वाढवली, आणि त्याच सभेत वर मजला चढवायचा प्रस्ताव कायमचा रद्द केला.