चहाडखोर लाकूड

युकुलेले या छोट्या गिटारसारख्या वाद्याचा आकार फसवा असतो. हातभर लांबी, चार तारा, वजन अर्ध्या किलोच्याही आत. ज्या माणसाला स्टुलाचे चार पाय एका मापाचे कापता येत नाहीत, त्यालाही ते बघून वाटतं, हे काय, घरी होईल. पियानो बघून असं कुणालाच वाटत नाही, त्यामुळे पियानोपासून संसाराला धोका नाही.

वाद्य लहान म्हणजे काम लहान हा हिशेब उलटा आहे. गिटारच्या ऐसपैस अंगात एखादा मिलिमीटर इकडचा तिकडे झाला तर खपून जातो. युकुलेलेत प्रत्येक मिलिमीटर मानकरी असतो आणि रुसायला टपलेला असतो.

याच्या जन्माची गोष्ट सगळे हौसेने सांगतात. २३ ऑगस्ट १८७९ रोजी ‘रेवन्सक्रॅग’ नावाचं जहाज मदेइरा बेटावरून पोर्तुगीज मजूर घेऊन होनोलुलूला लागलं. उसाच्या मळ्यांवर काम करायला आणलेल्या त्या माणसांत मॅन्युएल नुनेस, आगुस्तो दियास आणि जोझे दो एस्पिरितो सांतो असे तिघे होते. मळ्याचा करार संपल्यावर त्यांनी होनोलुलूत दुकानं थाटली आणि आपल्याकडच्या ‘माशेत’ नावाच्या छोट्या वाद्यावरून युकुलेले घडवलं. हवाईच्या राजा कलाकौआला ते आवडलं, दरबारात गेलं, मग काय, जगभर झालं. हे तिघेही मुळात फर्निचर करणारे सुतार होते, हे वाक्य मात्र सांगणारे भराभर उरकतात. माझा सुतारकामाचा पूर्वानुभव म्हणजे भिंतीत खिळा ठोकणं, आणि त्याबद्दल भिंतीचं मत वेगळं पडेल.

सुरुवात तबलीपासून होते. तबली म्हणजे वरची फळी, जिच्या थरथरण्यातून आवाज निघतो. ती जेमतेम दोन मिलिमीटर जाडीची हवी. जाड राहिली तर वाद्य मुकं, पातळ झाली तर तारांच्या ताणाने पोटात जाते. मधला नेमका क्षण ओळखायचा कसा? जाणकार म्हणतात, फळी दोन बोटांत सैल धरा, टिचकी मारा आणि ऐका, लाकूड सांगेल. मी टिचकी मारली. लाकूड म्हणालं, “टक.” आणखी रंधा मारला, पुन्हा विचारलं. “टक.” 

सासूबाई पलीकडे पेपर वाचत होत्या. त्या म्हणाल्या, “अगं, दाराला मारलीस तरी हाच आवाज येतो.”

“आई, हे महोगनी आहे.”

“मग दार कसलं आहे?”

हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. नंतर मी दारालाही टिचकी मारून पाहिली. दाराचा आवाज किंचित खर्जातला होता, म्हणजे या मापाने ते जास्तच पातळ ठरलं. 

बाजूच्या पट्ट्या वाकवणं हा या उद्योगातला सर्वांत नाट्यमय भाग. दोन मिलिमीटरहून थोडी पातळ पट्टी पाण्यात भिजवायची आणि तापलेल्या लोखंडी नळीवर दाबत दाबत तिला कमनीय आकार द्यायचा. उष्णतेने लाकडाचे तंतू बांधून ठेवणारं लिग्निन मऊ होतं आणि तंतू एकमेकांवरून सरकतात, असं शास्त्र आहे. पट्टीला ते शास्त्र मान्य असतं, पण फक्त पोटाच्या गोलाईपर्यंत. कमरेच्या खळग्याशी आली की ती आपलं मूळ गोत्र आठवते, आपण झाड होतो, ताठ होतो, आणि कट्‌कन मोडते. मोडली नाही तर थंड झाल्यावर हळूच थोडी सरळ होते. दोन्ही बाजूंच्या पट्ट्या एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमा असाव्यात अशी अपेक्षा असते. माझ्या पट्ट्या बहिणी-बहिणी वाटतात, त्याही चुलत.

“भोपळा का नाही घेतलास?” सासूबाईंचा पुढचा प्रश्न. “सतारीला, तंबोऱ्याला भोपळाच असतो. वेलावरून येतानाच गोल होऊन येतो.”

या युक्तिवादाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. 

पट्ट्यांच्या आतल्या कडेने खाचा पाडलेली एक बारीक पट्टी चिकटवतात, म्हणजे तबलीला बसायला रुंद जागा मिळते. गोंद वाळेपर्यंत ती दर बोटभर अंतरावर दाबून धरावी लागते आणि एवढे क्लॅम्प कुणाकडेच नसतात. जगभरचे वाद्य बनवणारे यासाठी कपडे वाळत घालायचे चिमटे वापरतात, ही मी रचलेली सबब नाही. चिमट्याला रबरबँड गुंडाळलं की पकड आणखी घट्ट होते. त्या संध्याकाळी वारं सुटलं आणि मुलगी गॅलरीतून ओरडली, “आई, माझे कपडे खालच्यांच्या झाडावर आहेत!” वाद्यासाठी कुटुंबाने थोडा त्याग करायचा असतो, असं मी तिला समजावलं. ती खाली गेली, पण समजून गेली असं म्हणवत नाही.

चिमटे काढत असताना मला या विद्येचं गुपित कळलं. वाद्याच्या अंगावर जी जी नक्षी दिसते, ती बहुधा काहीतरी झाकायला बसवलेली असते. तबली आणि बाजू यांच्या सांध्यावरून फिरणारी देखणी किनार? खाली सांध्याची उघडी कड असते. मागे बुडाशी असलेली नाजूक उभी पट्टी? तिथे दोन्ही बाजूंची टोकं एकमेकांना भेटतात किंवा भेटायचं टाळतात. भोकाभोवतीची वर्तुळं? भोक कापणाऱ्याच्या हाताबद्दल न बोललेलं बरं. प्रत्येक पायरीने मागच्या पायरीची अब्रू राखायची, अशी ही परंपरा आहे. मला ती फार माणुसकीची वाटली. बाजूंतलं चुलतपण किनारीने झाकलं, किनारीतली फट लाकडाचा भुसा आणि गोंद कालवून भरली, भरलेली जागा घासून सपाट केली. माझं युकुलेले दिवसेंदिवस सज्जन होत चाललं होतं.

पडद्यांचं, म्हणजे दांडीवर बसवायच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांचं काम मात्र झाकता येत नाही, ते गणित आहे. सोप्रानो म्हणजे लहान आकाराच्या युकुलेलेच्या तारेची वाजती लांबी ३४५ मिलिमीटर धरली, तर तिला १७.८१७ ने भागायचं, १९.३६ मिलिमीटरवर पहिला पडदा. उरलेल्या लांबीला पुन्हा १७.८१७ ने भागायचं, दुसरा पडदा. असं करत करत बारावा पडदा बरोबर मध्यावर येतो आणि सप्तक पूर्ण होतं. माझा नवरा हिशेबाचा माणूस. त्याने कागद बघितला आणि म्हणाला, “एवढे दशांश कशाला? सरळ अठराने भाग की.” मी त्याला चांगलं सुनावलं. मग वाचताना कळलं की १५८१ साली विन्चेंझो गॅलिली नावाच्या संगीतज्ञाने ल्यूट या जुन्या युरोपी तंतुवाद्याच्या पडद्यांसाठी हाच अठराचा भागाकार सुचवला होता. हा विन्चेंझो म्हणजे गॅलिलिओचा बाप. अठराने भागलं की बारावा पडदा सुमारे सव्वा मिलिमीटर अलीकडे पडतो, आणि तिथे एक मिलिमीटर म्हणजे अर्ध्या स्वराचा जवळजवळ दहावा हिस्सा. तेव्हा तांत्रिकदृष्ट्या मीच बरोबर होते. तरीही गॅलिलिओच्या बापाची हकिगत मी घरात कुणाला सांगितलेली नाही.

असो. खरी गोष्ट इथून पुढे आहे.

पॉलिश ही वाद्याची जवळजवळ शेवटची पायरी, म्हणून मी तिच्याकडे मोठ्या आशेने बघत होते. आजवर प्रत्येक पायरीने मागचं झाकलं. आता शेवटचा चकचकीत पडदा पडेल आणि सगळंच झाकलं जाईल. पॉलिशचं काम नेमकं उलटं आहे, हे कुणी आधी सांगत नाही. कोरडं लाकूड मोघम बोलतं. त्याला पॉलिशचा पहिला हात लागला की ते साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहतं आणि पहिल्यापासून सगळं तारीखवार सांगू लागतं.

त्याआधी घासणं. ८० नंबरच्या पॉलिश पेपरने सुरुवात करायची, मग १२०, १८०, २४०, ३२०. प्रत्येक कागद मागच्याचे ओरखडे काढतो आणि स्वतःचे ठेवून जातो, फक्त बारीक. हात सतत रेषांच्या दिशेने चालायला हवा. शेवटी लाकूड गालासारखं गुळगुळीत होतं आणि आपण धन्य होतो, तेव्हा पुस्तक सांगतं की आता ते ओलं करा. ओलं केलं की दबलेले तंतू उभे राहतात आणि गाल दाढी वाढल्यासारखा होतो. मग पुन्हा घासा. हे मुद्दाम करायचं असतं, कारण आज केलं नाही तर पुढे ओल्या पॉलिशखाली ते तंतू आपणहून उभे राहतील. दरम्यान लालसर भुकटी घरभर पसरलेली. टीव्हीवर, चष्म्यांवर, पंख्याच्या पात्यांवर. मी मास्क लावत होते, बाकीचे टोमणे लावत होते.

मी निवडली लाख. लाखेचे किडे झाडांच्या फांद्यांवर जे राळेसारखं कवच तयार करतात, त्याच्या पातळ पापड्या मिळतात. त्या स्पिरिटमध्ये विरघळवायच्या, कापसाचा बोळा सुती फडक्यात बांधायचा, त्याला द्रावण पाजायचं, वर तेलाचा एक थेंब आणि लाकडावर गोल गोल, मग इंग्रजी आठच्या आकड्यासारखं फिरवत राहायचं. एकेक थर इतका पातळ की झाला की नाही ते कळत नाही. थर वाळू द्यायचे, पुन्हा फिरवायचं, पुन्हा वाळू द्यायचे. दुर्योधनाने लाखेचं अख्खं घर बांधवलं होतं. त्याचा हेतू वाईट होता हे मान्य, पण ते बांधणाऱ्या पुरोचनाच्या चिकाटीचं कुणी कधी कौतुक केलेलं नाही. मी हातभर डबीला जेरीस आले होते. त्याने खांब, तुळया, भिंती केल्या. एवढ्या कष्टानंतर ते घर पेटवायचं होतं, हे त्याला आधीपासून माहीत होतं! माझ्या मनातलं त्याच्याविषयीचं मत जरा मवाळ झालं आहे.

या कामाची एक अट आहे. बोळा थांबता कामा नये. क्षणभर टेकला की स्पिरिट खालचा थर विरघळवतं आणि उचलताना फडक्याचं विणकाम लाकडावर छापलं जातं. म्हणून हात चालू असतानाच खाली उतरवायचा आणि चालू असतानाच वर न्यायचा. साहजिकच दाराची बेल तेव्हाच वाजते. “दार उघडा!” असं मी आठचे आकडे काढत ओरडायची आणि ज्याच्यासाठी दार उघडलं त्याला आत एक बाई अंग घुसळत, नजर न उचलता, लाल बोटांनी काहीतरी पुसत असलेली दिसायची. कुरिअरवाला हल्ली पाकीट लांबूनच देतो.

आणि मग ते बोलू लागलं. पहिल्या हातातच महोगनी अशी काही पेटली, आतून तांबूस, की मी टाळी वाजवणार होते. पाठोपाठ बाकीचा जबाब आला. कमरेच्या खळग्याशी आडवे ओरखडे. तिथे कागद रेषांच्या दिशेने नेता येत नाही, कोपरा अडचणीचा आहे, कुणीही आडवाच घासेल. किनारीजवळ फिकट ठिपके. ओला गोंद पुसला की तो छिद्रांत शिरतो, मग तिथे पॉलिश मुरत नाही. भुशाने भरलेली फट तर कोरडी असताना दिसतसुद्धा नव्हती, ती आता गडद रेघ होऊन नकाशावरच्या नदीसारखी वाहत होती. पावसाळी हवेत मारलेल्या एका थरावर पांढुरकी झाक आली, म्हणजे चहाडीत हवामानही सामील. चमक जितकी वाढवावी तितकं सगळं आणखी स्पष्ट. 

सासूबाईंनी चष्मा पुसून बघितलं. “छान आहे गं. हे ढग मुद्दाम काढलेस?”

“हो,” मी म्हटलं.

तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीच्या जागेवर आधीच चिकटपट्टी लावून ठेवावी लागते, कारण पॉलिशवर गोंद धरत नाही, कोऱ्या लाकडावरच धरतो. चिकटपट्टी काढली, तर सगळ्या वाद्यावर तेवढाच चौकोन निष्कलंक निघाला. एक ओरखडा नाही, एक ठिपका नाही. त्याच्यावर घोडी चिकटवून टाकली.

तारा चढवण्याबद्दल थोडक्यात. नायलॉनच्या नव्या तारा ताणत राहतात. सूर लावावा, पाठ फिरवावी, तो उतरलेला. शिवाय जी, सी, ई, ए या सुरांच्या चार तारांतली पहिली तार नंतरच्या दोन्हींपेक्षा वरच्या सुरात असते. सासूबाईंना हे अजिबात रुचलं नाही. स्वर म्हणजे क्रमाने चढावेत, असं त्यांचं भजनी मंडळापासूनचं मत आहे. दांडीच्या डोक्यापाशी जी खाचांची पट्टी असते, तिच्यातली एक खाच कानशीखाली जरा खोल गेली आणि तार पहिल्या पडद्यावर झणझणू लागली. “वा! जवारी काय सुरेख निघाली आहे!” त्या खुशीत म्हणाल्या. तंबोऱ्यात जिच्यासाठी कारागीर घोडीवर तासन्‌तास घालवतो, ती युकुलेलेत दोष समजली जाते, हे मी त्यांना कशाला सांगू? रात्री खायचा सोडा त्या खाचेत भरून वर सुपरग्लूचा थेंब सोडला. दगडासारखं घट्ट होतं ते, मग नव्याने खाच पाडायची. सकाळी सोड्याच्या डबीची चौकशी झाली. जवारी कुठे गेली, याचीही झाली.

आता ते वाजतं. सी ची तार दाबली की थोडी वर चढते, पण या तारेची ती खोड दुकानातल्या वाद्यांतही असते असं ऐकून आहे आणि त्यावर मी पूर्ण विश्वास ठेवला आहे. घरी येणारे लांबून बघतात, “तुम्ही केलंत? खरंच?” म्हणतात, आणि मी वाद्य उजेडाकडे पाठ करून धरते. पंचाईत जाणकारांची. ते समोरून बघतच नाहीत. हातात घेतात, मोबाईलचा टॉर्च लावतात आणि भोकातून थेट आत डोकावतात.

त्यावरही परंपरेनेच उपाय ठेवलेला आहे. चांगल्या वाद्यात भोकासमोर, आतल्या पाठीवर, कारागिराचं लेबल असतं. मीही केलं. जाड हातकागद, काळी शाई, वळणदार अक्षर: माझं नाव, वर्ष, आणि खाली ‘क्रमांक १’. गुंडाळी करून ते भोकातून आत सोडलं आणि दोन बोटांनी उलगडत चिकटवलं. लेबल काडेपेटीएवढं पुरतं. माझं जवळपास पोस्टकार्डाएवढं झालंय. एका जाणकाराने विचारलंच, एवढं मोठं कशाला? मी म्हटलं, नाव लांब आहे. नाव तीन अक्षरी आहे, पण आतला गोंद बराच लांबवर ओघळला होता.