पैसे भरा आणि हवा तो प्राणी मारा? अमेरिकेतील शिकार-सहलींविषयीच्या एका दाव्याचा प्रतिवाद

मराठी समूहांमध्ये एक संदेश वारंवार पुढे पाठवला जातो. त्याचा आशय असा, की अमेरिकेच्या पश्चिमेकडील राज्यांत पाच-दहा हजार डॉलर मोजले की गाईड तुम्हाला जंगलात नेतो आणि हवा तो प्राणी बंदुकीसमोर आणून उभा करतो. शिकारी शिंगे घेऊन घरी जातो आणि मांस तिथेच कुजते. सरकारला पैसा मिळत असल्याने ते डोळेझाक करते आणि त्यामुळे तिथले वन्यजीव संपत चालले आहेत. पुराव्यादाखल उंच जाळीच्या कुंपणाआड काळवीट मारल्याची चित्रफीत जोडलेली असते. शिकार नैतिकदृष्ट्या मान्य नसणे ही आदरणीय भूमिका आहे आणि मी ती खोडून काढू इच्छित नाही. मात्र या संदेशातील जवळजवळ प्रत्येक विधान चुकीचे आहे, आणि ज्या गोष्टींवर टीका व्हायलाच हवी त्यांचा त्यात उल्लेखही नाही.

चित्रफितीपासून सुरुवात करू. काळवीट हा आपल्याकडचा प्राणी आहे. मोंटाना, वायोमिंग किंवा आयडाहोच्या डोंगरांत तो नाही. तो आहे टेक्सासमध्ये, जिथे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात काळवीट, चितळ आणि नीलगाय खासगी रँचवर आणून सोडण्यात आले. तिथल्या कायद्यात हे परदेशी प्राणी मानले जात असल्याने त्यांना ना शिकारीचा हंगाम आहे ना संख्येची मर्यादा, आणि त्यांच्या बाबतीत ‘पैसे भरा, मारा’ हे वर्णन बऱ्याच अंशी खरे आहे. पण रॉकी पर्वतातील सार्वजनिक जमिनीवरच्या सहली ही सर्वस्वी वेगळी गोष्ट आहे. मोंटानाच्या मतदारांनी 2000 साली सार्वमत घेऊन बंदिस्त प्राण्यांची पैसे घेऊन शिकार करू देण्यावर बंदी घातली. त्या बंदीची मागणी लावून धरणाऱ्यांत मोकळ्या रानात शिकार करणारे स्थानिक लोकच पुढे होते, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

आता ‘हवा तो प्राणी’ या शब्दांकडे वळू. या राज्यांत वन्यप्राणी जमीनमालकाचा नसतो आणि गाईडचा तर नसतोच. जनतेच्या वतीने राज्य त्याची राखण करते. कोणत्या भागात, कोणत्या आठवड्यांत, किती नर आणि किती माद्या मारता येतील हे राज्याचे वन्यजीव खाते दरवर्षी ठरवते आणि बहुतेक चांगल्या भागांतील परवाने सोडतीने वाटले जातात. सोडतीत नाव आले नाही तर अनेक राज्यांत अर्जदाराला एक गुण मिळतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करावा लागतो. बिगहॉर्न या मोठ्या शिंगांच्या रानमेंढ्याच्या परवान्यासाठी पंचवीस-तीस वर्षे अर्ज करूनही नंबर न लागलेले लोक सर्रास भेटतात. कोलोरॅडोत काही हंगामांसाठी एल्क या मोठ्या हरणाचे परवाने थेट विकत मिळतात हे खरे, पण तिथेही परवानाधारक पाच जणांपैकी साधारण चौघे रिकाम्या हाताने परततात. शिवाय कोलोरॅडोत 1949 पासून, तर वायोमिंगमध्ये 1966 पासून जन्मलेल्या प्रत्येकाला परवान्याआधी शिकार-सुरक्षेचे प्रशिक्षण पूर्ण करावे लागते. गाईडला दिलेल्या पैशांत प्राणी मिळत नाही. मिळतात ते घोडे, तंबू, जेवण आणि त्या डोंगराची माहिती असलेला माणूस. हाती परवाना नसेल, तर कितीही महागडा गाईड शिकार करू देऊ शकत नाही. दिलीच, तर त्याचा स्वतःचा व्यावसायिक परवाना जातो आणि खटला भरला जातो.

गाईड प्राणी समोर आणून उभा करतो, हे विधान ज्याने लिहिले त्याने बॉब मार्शल किंवा वायोमिंगमधल्या टीटनसारखा वाइल्डरनेस, म्हणजे रस्ते नसलेला राखीव रानप्रदेश, नकाशावरही पाहिलेला नसावा. 1964 च्या वाइल्डरनेस कायद्याने अशा राखीव प्रदेशांत मोटार, सायकल, यांत्रिक करवत या सर्वांना मज्जाव केला आहे. मोंटानातला बॉब मार्शल वाइल्डरनेस दहा लाख एकरांहून मोठा आहे आणि त्यात एकही रस्ता नाही. तळावर पोहोचायला घोड्यावरून अख्खा दिवस, कधी दोन दिवस लागतात आणि सामान खेचरांच्या पाठीवरून जाते. एका खेचरावर साधारण दीडशे पौंड लादतात. निघण्यापूर्वी दोन्ही बाजूंच्या पेट्या हातातल्या ताणकाट्याला टांगून वजन सारखे केले जाते, कारण दोन-तीन पौंडांचा फरक राहिला तरी चढावर खोगीर एका अंगाला सरकते आणि जनावराची पाठ सोलवटून निघते. गाईडच्या दिवसाचा मोठा भाग अशा कामांत जातो. पहाटेच्या अंधारात कड्यावर पोहोचायचे, उजाडताना दुर्बिणीने उतार न्याहाळायचा आणि वारा फिरला की आल्या वाटेने परत यायचे, असे अनेक दिवस गोळी न झाडता सरतात.

मांस कुजते या आरोपाचे उत्तर याच खेचरांपाशी सापडते. एल्क, हरीण आणि मूस हे महाकाय हरीण यांचे खाण्याजोगे मांस रानात टाकून देणे हा पश्चिमेकडील राज्यांत गुन्हा आहे. प्राणी पडला की परवान्यासोबतच्या टॅगवर तारीख नोंदवून तो प्राण्याला बांधावा लागतो, आणि मांस कापून नेतानाही नर की मादी हे ओळखता येईल असा शरीराचा भाग त्याला नैसर्गिकरीत्या जोडलेला ठेवावा लागतो, म्हणजे वाटेत अडवणाऱ्या वॉर्डनला, म्हणजे वन्यजीव खात्याच्या रक्षकाला, तपासता यावे. मोठ्या एल्कचा मागचा एकेक पाय साठ-सत्तर पौंड भरतो. असे चार भाग आणि पाठीचे मांस तळापर्यंत आणायचे, ग्रिझली अस्वलांच्या भीतीने जमिनीपासून दहा फूट उंच टांगायचे आणि मग खेचरांवर लादून बाहेर काढायचे, हे सहलीतले सर्वांत कष्टाचे आणि धोक्याचे काम असते. 2018 साली टीटन वाइल्डरनेसमध्ये एल्कचे मांस काढत असताना ग्रिझलीने केलेल्या हल्ल्यात एका गाईडचा जीव गेला. अस्वल आणि पहाडी सिंह (प्यूमा) यांच्या मांसाबाबत राज्याराज्यांचे नियम वेगळे आहेत आणि काही ठिकाणी ते नक्कीच ढिले आहेत. तेवढ्यापुरता आरोप मान्य करायला हवा.

वन्यजीव संपत चालले आहेत, या दाव्यात मात्र दोन वेगवेगळ्या काळांची गल्लत झालेली आहे. एकोणिसाव्या शतकात कोट्यवधी बायसन (अमेरिकी रानगवे) काही शेकड्यांवर आले आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एल्क लाखाच्याही खाली गेले, ते बाजारासाठी झालेल्या शिकारीमुळे. कातडी, जिभा आणि मांस रेल्वेने शहरांत जाऊन विकले जात होते, आणि मारण्याला ना हंगाम होता ना मोजदाद. 1900 च्या लेसी कायद्याने बेकायदा मारलेल्या प्राण्यांच्या आंतरराज्य व्यापारावर बंदी आली, आणि रानातल्या हरणाचे किंवा एल्कचे मांस विकणे आजही बेकायदा आहे. मारण्यातला बाजार काढून घेतल्यावरच कळप सावरले. आज उत्तर अमेरिकेत सुमारे दहा लाख एल्क आहेत. आपल्याकडचा अनुभव वेगळा असल्यामुळे हा संदेश मराठी वाचकाला चटकन पटतो, असे मला वाटते. 1960 च्या दशकात नागपूरहून परदेशी शिकाऱ्यांना मध्य भारतातल्या जंगलांत वाघाच्या शिकारीसाठी नेणाऱ्या कंपन्या होत्या आणि त्या काळात वाघ झपाट्याने कमी झाले. 1970 मध्ये वाघाच्या शिकारीवर आलेल्या बंदीने आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो व्यवसाय थांबवला आणि ते योग्यच झाले. वाघासारख्या विरळ, एकट्या फिरणाऱ्या शिकारी प्राण्याचा न्याय हजारोंच्या कळपाने राहणाऱ्या एल्कला लावता येत नाही, आणि एल्कचा वाघालाही लावता येणार नाही.

पश्चिमेतल्या कळपांना आजचे खरे धोके वेगळे आहेत. पाळीव मेंढ्यांकडून लागणाऱ्या न्यूमोनियाने बिगहॉर्नचे कळप खलास होतात. हरणांच्या मेंदूचा क्षय करणारा क्रॉनिक वेस्टिंग हा रोग 1967 साली कोलोरॅडोत प्रथम आढळला आणि तो अजून पसरतो आहे. नैसर्गिक वायूच्या विहिरी, कुंपणे आणि नव्या वसाहती स्थलांतराच्या वाटा तोडतात. 2022–23 च्या भीषण हिवाळ्यात आणि त्याच सुमारास आलेल्या साथीत पश्चिम वायोमिंगमधला प्राँगहॉर्न या हरणासारख्या प्राण्याचा मोठा कळप जवळपास निम्मा झाला, तेव्हा खात्याने त्या भागातले शिकारीचे परवाने मोठ्या प्रमाणात कमी केले. सरकार डोळेझाक करते म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण पाहावे.

पैशाच्या बाबतीत दोन्ही बाजूंनी अतिशयोक्ती होते. 1937 च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार लांब बंदुका आणि दारूगोळ्यावर 11 टक्के कर बसतो, तो राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जातो, आणि परवाना शुल्क राज्याने दुसरीकडे वळवले तर हा निधी बंद होतो. त्यामुळे शिकारीचा पैसा कुठल्यातरी खिशात जातो, हे खरे नाही. मात्र शिकारीच सगळे वन्यजीव पोसतात हा त्यांच्या बाजूचा आवडता दावाही पुरा खरा नाही, कारण हा कर भरणारे अनेक बंदूकखरेदीदार कधी शिकारीला जात नाहीत आणि ज्या जमिनीवर एल्क चरतात ती राखण्याचा खर्च सर्व करदाते उचलतात.

टीका करायची तर जागा आहेत. बिगहॉर्नचे मोजके परवाने दरवर्षी लिलावात काही लाख डॉलरला जातात. पैसा संवर्धनासाठी वापरला गेला तरी सार्वजनिक मालकीच्या तत्त्वाला ती सरळ बगल आहे. न्यू मेक्सिकोत सोडतीतले 10 टक्के परवाने आउटफिटरशी, म्हणजे शिकार-सहली चालवणाऱ्या व्यावसायिकाशी, करार केलेल्यांसाठी राखून ठेवलेले आहेत, म्हणजे तिथे गाईडला दिलेला पैसा खरोखरच परवाना मिळण्याची शक्यता वाढवतो. वायोमिंगच्या बहुतांश भूभागात लांडगा वर्षभर, परवान्याशिवाय, कितीही संख्येने मारता येतो, आणि याचे कोणतेही समर्थन मला पटलेले नाही.

आणि वायोमिंगचाच दुसरा नियम. परराज्यातील माणसाला तिथल्या वाइल्डरनेसमध्ये मोठ्या प्राण्याची शिकार करायची असेल, तर परवानाधारक गाईड किंवा मोबदला न घेणारा स्थानिक रहिवासी सोबत असावाच लागतो. कारण सुरक्षिततेचे सांगितले जाते. परंतु तोच माणूस त्याच डोंगरात, त्याच अस्वलांमध्ये, कॅमेरा, गळ किंवा पाठपिशवी घेऊन एकटा जाऊ शकतो, आणि ती जमीन केंद्र सरकारची, म्हणजे साऱ्या देशाची आहे. परवान्यांची संख्या या नियमाने एकानेही बदलत नाही, त्यामुळे त्यातून कोणताही प्राणी वाचत नाही. वाचतो तो फक्त आउटफिटरांचा धंदा, आणि मध्यम उत्पन्नाच्या शिकाऱ्याला, सोडतीत परवाना निघाला तरी, वाइल्डरनेसच्या सीमेवरच थांबावे लागते.