थंडी नाही, रविवार!

जर्मनीत शिकायला जाणाऱ्या पोरांवरच्या तुमच्या लेखात म्हटलंय, विदर्भातल्या पोरांना तिथं सगळ्यात जड जाते ती थंडी. साफ चूक! थंडीला जाकीट असते. मला नडला तो रविवार. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावचा आठवडी बाजार रविवारचा. त्याच सवयीनं जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरात पिशवी घेऊन निघालो, तर सगळी दुकानं बंद! शेवटी रेल्वे स्टेशनवर ब्रेड मिळाला. (एल्बे नदीच्या काठाकाठानं शहर मात्र फुकटात पाहून झालं.)

आणि 'फी नाही म्हणजे शिक्षण फुकट' हे काय लिहिलंय लेखात? ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (तिथल्या राहण्या-खाण्याचे पैसे आधीच भरून ठेवायचं खातं, त्यातून दर महिन्याला ठरलेलेच काढता येतात) वर्षाचे ११,९०४ युरो आधी भरावे लागतात, त्याचं नावच नाही. कर्ज पुरलं नाही तेव्हा बाबांनी भाव वाढायची वाट न पाहता पुढच्या खोलीत साठवलेला सगळा कापूस विकायला काढला. तेही लिहा ना बाप्पा.