'गुदमरून' हा शब्द आधी काढा

दर हिवाळ्यात ती बातमी येतेच. 'गॅस गिझरमुळे बाथरूममध्ये गुदमरून मृत्यू.' वाचून पोटात गोळा येतो, आणि त्या 'गुदमरून'चा रागही येतो. बंद बाथरूममध्ये गिझरच्या गॅसच्या ज्योतीतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडने जीव गुदमरतच नाही हो! घुसमट जाणवते ती मुख्यतः रक्तात कार्बन डायऑक्साइड साठला की. इथे तो श्वासावाटे बाहेर पडतच असतो. वास नाही, ठसका नाही. घुसमटलं असतं तर माणूस कडी काढून बाहेर तरी आला असता.

माझी धाकटी बहीण अशीच आत पडली होती. डिसेंबरची सकाळ, गार वारा येतो म्हणून झरोक्याला आम्हीच पुठ्ठा लावलेला. बादली कलंडल्याचा आवाज आला, आईने हाका मारल्या, ओ नाही. दार तोडलं. दवाखान्यात बोटाला ऑक्सिमीटर लावला तर 98! 'उपाशीपोटी चक्कर आली असेल' म्हणून घरी पाठवत होते. एका सिस्टरने विचारलं, "गिझर गॅसचा आहे का?" त्या एका प्रश्नाने ती वाचली.

हा कार्बन मोनॉक्साइड रक्तात ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या 200 पटींहून घट्ट चिकटतो. ऑक्सिमीटरला दोन्ही सारखेच लाल दिसतात, म्हणून आकडा छान येतो. कार्बॉक्सीहिमोग्लोबिनची, म्हणजे हा वायू चिकटलेल्या हिमोग्लोबिनची, रक्ततपासणीच करावी लागते. शिवाय रक्तात जो थोडा ऑक्सिजन उरतो, तोही हिमोग्लोबिन सहजी सोडत नाही. म्हणजे रक्त वाहतंय आणि मेंदू उपाशी. त्यावर हा वायू पेशींत शिरून मायटोकाँड्रियातलं, म्हणजे पेशीच्या ऊर्जाकेंद्रातलं, ऑक्सिजन वापरणारं एन्झाइमच अडवतो, हृदयाच्या स्नायूत ऑक्सिजन धरून ठेवणाऱ्या मायोग्लोबिनलाही धरतो. मेंदू आणि हृदय आधी कोलमडतात ते यामुळे. साध्या हवेत तो निम्मा उतरायला चार-पाच तास लागतात, मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला तर तास-दीड तास.

आणि शुद्धीवर आलं म्हणजे सुटलो, असंही नाही. तीन आठवड्यांनी बहीण गॅसवर दूध ठेवून तिथेच उभी होती, उतू गेलं तरी तिला कळलं नाही. मेंदूवरचा असा परिणाम उशिराही दिसतो, हे आम्हाला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. (बाळंतिणीच्या बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवणाऱ्या आज्यांनाही हे प्रेमाने सांगा. धूर दिसत नसला तरी निखाऱ्यातून हाच वायू निघतो.)

आमचा गिझर आता बाहेर, हवेशीर गॅलरीत आहे. आमच्या विंगमध्ये अजून सहा घरांत तो बाथरूममध्येच लावलाय. रविवारी मी आणि बहीण सहाही घरी जाऊन येणार आहोत.