वरचे चार टक्के येतात कुठून?

रविवारी सकाळी आमच्या मजल्यावरच्या काकू पावती घेऊन आल्या. वय 71. काका गेल्यापासून कौटुंबिक पेन्शन आणि ठेवींचं व्याज, यावर घर चालतं. पावती एका पतसंस्थेची. गुलाबी कागद, वर संस्थापक अध्यक्षांचा हात जोडलेला फोटो, खाली व्याजदर 10.5 टक्के, मुदत तीन वर्षं. "तू बँकेत होतास ना, बघ जरा. रिस्क फ्री आहे ना हे? आणखी पंधरा लाख ठेवायचे म्हणतेय."

बँकेत काउंटरच्या आत सव्वीस वर्षं काढली मी. 'रिस्क फ्री' याचा आपल्याकडचा अर्थ एवढाच की शेअर बाजार नाही. पावती मिळाली, तारीख आहे, शिक्का आहे, म्हणजे झालं.

ज्यांनी हा शब्द काढला त्यांचा अर्थ फार अरुंद आहे. सरकारने स्वतःच्या चलनात घेतलेलं कर्ज, तेही शक्यतो छोट्या मुदतीचं. आपल्याकडे याचं सगळ्यात शुद्ध रूप म्हणजे 91 दिवसांचं ट्रेझरी बिल. रिझर्व्ह बँक बुधवारी त्याचा लिलाव करते. त्यावर व्याज असं मिळत नाही. 100 रुपयांचा कागद समजा 98.65 ला घ्यायचा आणि 91 दिवसांनी सरकारकडून पुरते 100 घ्यायचे. वर्षाच्या हिशेबाने साधारण साडेपाच टक्के. कंपनी किंवा बँक बुडू शकते. रुपयातलं कर्ज फेडायला सरकारला रुपये कमी पडत नाहीत, असं यामागचं गृहीतक. (रशियाने ऑगस्ट 1998 मध्ये स्वतःच्या रूबलमधलं कर्जसुद्धा थकवलं होतं. तेव्हा 'जवळजवळ' हा शब्द इथेही लावूनच ठेवा.)

मग आपल्यासारख्यांना याचा उपयोग काय? तर सरकारी कर्जाचा दर मोजपट्टी म्हणून वापरायचा, पावतीच्या मुदतीएवढ्याच मुदतीचा. तीन-पाच वर्षांसाठी सरकारला पैसे दिले तर साडेसहाच्या आसपास मिळतात. गुलाबी पावती साडेदहा म्हणते. काकूंना मी एवढंच विचारलं, की वरचे चार टक्के येतात कुठून?

काकू म्हणाल्या, "त्यांचं चांगलं चाललंय म्हणून."

तसं नसतं. साडेदहाने पैसे घेणारी संस्था ते चौदा-पंधराने कर्जाऊ देते, तेव्हाच तिचं भागतं. आणि चौदा-पंधराने कर्ज घ्यायला कोण येतं? बहुतेक तोच, ज्याला बँकेने परत पाठवलंय. त्यातले बरेचजण इमानेइतबारे फेडतात, चांगल्या चालवलेल्या पतसंस्था मी पाहिल्यात. पण ते चार टक्के काकूंना बक्षीस म्हणून मिळत नाहीत. त्या अनोळखी कर्जदाराची जोखीम काकूंनी पदरात घेतलीय, तिचं ते भाडं आहे.

"पण पाच लाखांपर्यंत विमा असतो ना?" असतो, बँकेत. 4 फेब्रुवारी 2020 पासून तो एक लाखाचा पाच लाख झाला. सहकारी बँकांनाही आहे. पतसंस्थेला नाही! नावात 'सहकारी', गल्ल्यावर तशीच काचेची खिडकी, तसंच पासबुक. पण ठेव विमा महामंडळाच्या छत्रीखाली ती येत नाही. काकू दोन मिनिटं गप्प झाल्या. बँकेतसुद्धा हे पाच लाख पावतीमागे नसतात. एका बँकेत एकाच नावावर चार शाखांत मिळून असेल ते सगळं, मुद्दल अधिक व्याज धरून, पाच लाख.

जाता जाता, 'दामदुप्पट' या शब्दाची मला गंमत वाटते. जाहिरातीत तो ठेवीदाराला भुरळ घालतो. मुळात तो सावकाराला लगाम घालणारा जुना नियम आहे: थकलेलं व्याज एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता यायचं नाही.

आता दुसरी बाजू. सरकारी कागदात मुद्दल बुडत नाही, म्हणजे तुमचं काहीच बुडत नाही असं नाही.

माझ्या आईचंच सांगतो. वडील नव्वदच्या दशकात निवृत्त झाले तेव्हा बारा-तेरा टक्क्यांच्या ठेवी होत्या. लाखाला महिना हजार रुपये, हिशेब सोपा. मग दर खेपेला पावती नवी करताना दर उतरत गेला. 2020 च्या अखेरीस मीच तिच्या पावत्या साडेपाचने पुढे टाकल्या. एक पैसा बुडाला नाही. फक्त हजाराचे साडेचारशे-पाचशे झाले, आणि त्याच 2020-21 मध्ये महागाईची सरासरी 6.2 टक्के होती. तिने विचारलं, "एवढंच?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्यात प्राप्तिकर. तीस टक्क्यांच्या स्लॅबमधल्या माणसाला साडेसहा टक्के व्याजातले सेससकट कर भरून साडेचारही उरत नाहीत. महागाई पाच असेल तर तो दरवर्षी थोडा थोडा गरीब होतोय, पावती मात्र वाढताना दिसते.

आणि लांब मुदतीचा सरकारी रोखा, म्हणजे सरकारच्या कर्जाचा कागद, मधेच विकायची वेळ आली तर? सात टक्क्यांचा दहा वर्षांचा कागद घेतला आणि बाजारात दर आठवर गेले, तर तुमचा सातचा कागद कुणी पुऱ्या किमतीला घेत नाही; लाखाच्या कागदाला त्र्याण्णव हजारांच्या थोडं वर मिळतील. मुदतभर थांबलात तर पुरते लाख. म्हणजे पैसे लागणार कधी, यावरही जोखीम ठरते.

काकूंना मी शेवटी पोस्टातली ज्येष्ठ नागरिक बचत योजना सांगितली. 8.2 टक्के, पाच वर्षं, मर्यादा 30 लाख. पंधरा लाखांवर दर तिमाहीला 30,750. कर लागतो, पण उघडताना जो दर मिळाला तो पाच वर्षं हलत नाही. माझ्या मोजपट्टीत हे बसत नाही, खरंय. तो दर सरकार मुद्दाम वर ठेवतं, म्हणून तर वयाची आणि रकमेची अट.

परवा त्यांनी तेरा लाख तिथे टाकले. दोन लाख त्याच पतसंस्थेत गेले. मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, "पतसंस्थेचा तो मुलगा दर महिन्याला घरी येतो रे. पोस्टात दोन तास उभी होते, कुणी बस म्हणालं नाही. दोन लाख बुडाले तर बुडाले, हिशेब करूनच ठेवलेत."