वाईट दिवसाला झेपेल एवढंच

सोसायटीच्या ग्रुपवर आज पुन्हा ते पोस्टर आलं. डोंगरमाथ्यावर हात पसरून उभा असलेला माणूस, मागे उगवता सूर्य आणि खाली 'पहाटे ४ ला उठा, २१ दिवसांत मन पोलादी करा'. ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या कुठल्याशा हॉलमध्ये रविवारी शिबिर, फी वगैरे सगळं. एवढ्यावर मी गप्पच बसले असते. पण पाठवणाऱ्या साहेबांनी ते आमच्या विंगमधल्या काकूंना टॅग करून टाकलं होतं. वर लिहिलं होतं, 'काकू, खरी गरज तुम्हाला आहे.' आणि हात जोडल्याचे दोन इमोजी.

काकूंना विचारूनच लिहितेय, फक्त नाव नको म्हणाल्या. काकांचं डायलिसिस चालू आहे. मंगळवार, गुरुवार, शनिवार. मशीनवर चार तास, जाण्यायेण्याचं वेगळं. सुया काढल्यावर रक्त थांबेपर्यंत कापूस दाबून धरायचा, घरी आणलं की ते गळून पडलेले. दिवसभराचं पाणी मोजून द्यायचं. भाजीतलं पोटॅशियम उतरावं म्हणून ती बारीक चिरून भरपूर पाण्यात उकडायची आणि ते पाणी ओतून टाकायचं. या बाईला पहाटे ४ ला उठून पोलादी व्हायला सांगताय?

माझा राग शिबिरावर नाही, मापावर आहे. असले कार्यक्रम बरं चाललेल्या माणसांसाठी आखलेले असतात. संकटातला माणूस तो नियम धरतो, चौथ्या दिवशी मोडतो, आणि मग आजारपण, हप्ते, नोकरी या सगळ्यावर 'मला साधं उठताही येत नाही' ही नवी टोचणी. रोजचा नियम आपल्या सगळ्यात वाईट दिवसाच्या मापाने शिवायचा. चांगल्या दिवशी तो थोडा ढगळ झाला तर काही बिघडत नाही.

आणि ते २१ दिवसांचं काय घेऊन बसलात? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी २०१० मध्ये छापलेल्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. माणसागणिक फरक १८ पासून २५४ पर्यंत. त्यातली कामाची गोष्ट पोस्टरवर कोणी छापत नाही, ती म्हणजे मध्ये एखादा दिवस चुकला तर फारसं काही बिघडत नाही. खाडा झाला की पुन्हा एकपासून मोजायला लावणारे लोक माणसाला सवय नाही, अपराधीपणा लावतात.

आता झेपेल असं काय ते सांगते.

पहिली गोष्ट, श्वास. खुर्चीत पाठ टेकून बसा, एक हात पोटावर. नाकाने चार आकडे मोजत आत, सहा मोजत बाहेर. एक श्वास दहा सेकंदांचा, म्हणजे मिनिटाला सहा. पाच मिनिटांत तीस होतात. श्वास सोडताना हृदयाचे ठोके थोडे मंदावतात, म्हणून बाहेरचा लांब ठेवायचा. मध्ये रोखायचा नाही. चुकतं कुठे, तर लोक 'खोल श्वास' म्हटलं की छाती फुगवून हवा ओढतात. मग रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, बोटांना मुंग्या येतात, गरगरतं, आणि माणूस घाबरून 'मला हे सोसत नाही' म्हणून सोडून देतो. श्वास खोल नको, हळू हवा, नेहमीएवढाच. पोटावरचा हात जरासा वर आला तरी पुरे. आकडे मनात भराभर मोजले जात असतील तर घड्याळाचा सेकंद काटा बघा. आणि रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी यूट्यूबवर बघून जोरजोरात भस्त्रिका करू नये, डॉक्टरांना आधी विचारावं.

ज्यांना आकडे मोजायचा कंटाळा येतो त्यांनी जप करा. खरंच सांगतेय. २००१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक अभ्यास आला होता. लॅटिनमधली जपमाळेची प्रार्थना आणि 'ओम मणि पद्मे हूं' म्हणताना लोकांचा श्वास आपोआप मिनिटाला साधारण सहावर आला. काकू डायलिसिस सेंटरच्या बाहेरच्या बाकावर बसून 'श्रीराम जय राम जय जय राम' म्हणतात, एका श्वासात एकदा, सावकाश. नास्तिक मंडळींनी नाक मुरडू नये, पाढे म्हणा, चालतील.

दुसरी गोष्ट, उठणं. झोपायची वेळ आपल्या हातात नसते, उठायची बऱ्यापैकी असते. काकूंची साडेसहा. रात्र कशीही गेली तरी साडेसहा, फार तर अर्ध्या तासाचा फरक. उठल्यावर दहा-पंधरा मिनिटं उघड्यावर. शरीराचं घड्याळ लागतं ते सकाळच्या उजेडाने, आणि घरातल्या ट्यूबलाइटचा उजेड दोन-तीनशे लक्स असतो, बाहेर पावसाळी ढगातसुद्धा तो हजारांत जातो. गॅलरीला ग्रिल, ग्रिलला कुंड्या, वर वाळत घातलेले कपडे, असं असेल तर सरळ खाली उतरा. संध्याकाळी स्टेशनबाहेर घेतलेला चहा सहा वाजता पोटात गेला तर त्यातलं निम्मं कॅफिन रात्री अकराच्या सुमारास अंगात असतंच. झोप नाही म्हणून रडायचं आणि कटिंग सोडायची नाही, हे जमत नाही.

वीसेक मिनिटं झोप लागली नाही तर अंथरुणातून उठायचं, असं सगळे तज्ज्ञ सांगतात. बरोबरच आहे, पण ते वन रूम किचनमध्ये राहत नाहीत. तिथे बाहेरच्या खोलीत मुलं, आत सासूबाई. मग स्वयंपाकघरात पाटावर बसा, मोठा दिवा न लावता, मोबाइल हातात न घेता. लसूण सोला, मटार सोला. डोळे जड झाले की परत जा.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि लोक ती सगळ्यात वाईट करतात. काळजीची वही. साधी शंभर पानी, डिझायनर जर्नल नको. रोज ठरलेली पंधरा मिनिटं, संध्याकाळी, अंथरुणात कधीच नाही. मोबाइलवर गजर लावायचा. पानावर मधोमध उभी रेघ. डावीकडे 'माझ्या हातात', उजवीकडे 'नाही'. डोक्यात जे घोळतंय ते एकेक ओळीत. डावीकडच्या प्रत्येक ओळीपुढे पुढचं छोटं काम आणि त्याची वेळ लिहायची. 'पैशांचं कसं होणार' असं लिहून काही होत नाही. काकूंच्या पानावर लिहिलेलं असतं, 'बुधवार ११ वाजता विम्याच्या खिडकीवर फोन, मागच्या महिन्याची बिलं सोबत घ्यायची.' उजवीकडे काकांचं पुढे काय होणार, ते असतं. तिथे पुढे काहीच लिहायचं नाही. गजर वाजला की वही बंद. दिवसा काळजी वर आली तर मनाशी म्हणायचं, सात वाजता बघू. पहिल्या आठवड्यात हे हास्यास्पद वाटतं. वही हळूहळू नणंदेच्या तक्रारींनी भरायला लागली तर समजा की रेघ मारायची विसरलात.

चालण्यावर जास्त लिहीत नाही, सगळ्यांना माहीत आहे. वीस मिनिटं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही एवढ्या वेगाने. तलावपाळीला संध्याकाळी गर्दीत चालणं होत नाही, कचराळी किंवा उपवन तलाव बरा. पलीकडच्या नवी मुंबईकरांना सागर विहार आहे, नेरूळचा तो तलावाकाठचा ट्रॅक आहे, नशीबवान आहात. पाऊस असेल तर स्टिल्ट पार्किंगमध्ये फेऱ्या. आणि शनिवारी संध्याकाळी काकू फक्त गेटपर्यंत जाऊन परत येतात. ती त्यांच्या हिशोबात पूर्ण फेरी असते. वॉचमन विचारतो, 'काकू, आज एवढंच?' त्या म्हणतात, 'आज एवढंच.'

हो, मान्य आहे, काही लोकांना पहाटे ४ मानवतं. माझ्या ओळखीतही दोघं-तिघं आहेत, सुखात असू देत. हेही मान्य की श्वास मोजून घराचा हप्ता भरला जात नाही. तसं मी म्हटलेलंही नाही. पण हप्त्यासाठी बँकेशी बोलायला जाणारा माणूस झोपलेला आणि जेवलेला असेल तर तो कागद नीट वाचून सही करतो.

(पोस्टरवाल्या साहेबांवर सकाळी फार चिडले होते. त्यांच्या आईच्या आजारपणात त्यांनी स्वतः असंच काहीतरी धरून ठेवलं असेल, कोण जाणे. टॅग मात्र काढा हो.)

एवढं करूनही दोन आठवडे रोजच झोप नाही, अन्नावरची वासना गेली, कशातच मन नाही, असं असेल तर वही-बिही पुरणार नाही, डॉक्टर गाठा. जीव नकोसा वाटत असेल तर दोन दिवससुद्धा थांबू नका. आणि इथे मला ठाणेकरांशी भांडायचंय. 'याला ठाण्याला पाठवा' हा विनोद आपण अजून किती वर्षं करणार? १९०१ पासून ते मनोरुग्णालय आपल्या गावात आहे. तिथे ओपीडी चालते, माणसं गोळ्या घेऊन संध्याकाळी घरी जातात. आयपीएचसारखी (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) मनाच्या आरोग्याची संस्था १९९० पासून याच शहरात काम करतेय. आणि आपण अजून गेटवरून जाताना एकमेकांना कोपरखळ्या मारतो. त्या विनोदामुळे कोणाचा तरी नवरा, कोणाची तरी मुलगी वर्षभर उशिरा डॉक्टरकडे जाते.

बाहेर पडणं जमत नसेल तर फोन करा. टेलि-मानस, मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाइन, १४४१६. सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास चालू, मराठीत बोलता येतं. ऑक्टोबर २०२२ पासून आहे, तरी आमच्या ग्रुपवर गेल्या वर्षभरात तो नंबर एकदाही आलेला नाही. म्हणून आत्ताच टाकलाय, पोस्टरच्या बरोबर खाली.