आत्याबाईच्या मिशा आणि बागपतचा उतार

सर, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा वही काढली. 'विश्वासरावांना गोळी लागली नसती तर' या माझ्या पानिपतावरच्या लेखावर तुमचे आक्षेप थोडक्यात असे: इतिहासात जर-तरला जागा नाही, आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटलं असतं. असली स्वप्नरंजनं हरलेल्यांचा अहंकार गोंजारायला लिहिली जातात. आणि सगळ्यात झोंबलेला आक्षेप हा, की मी एका गोळीवरून थेट १९४७ पर्यंत उडी मारली, म्हणजे विश्वासराव वाचले असते तर परकं राज्यच आलं नसतं असं लिहिलं. शेवटी तुम्ही म्हणता, "पानिपत गोळीमुळे नाही, रसद तुटल्यामुळे गेलं. तीस वर्षं मुलांना हेच शिकवलं."

तुमच्या त्या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करतो. रसद तुटल्यामुळे गेलं, म्हणजे रसद तुटली नसती तर गेलं नसतं, निदान तसं गेलं नसतं. हेच ना? मग सर, मिशा तुम्हीही लावल्यातच की. 'मुळे' म्हटलं की त्याच्या पोटात एक 'नसतं तर' आलंच. ते काढून टाकलं तर हातात राहते नुसती सनावळी, आणि तुम्ही तीस वर्षं नुसती सनावळी घोकून घेतली असेल यावर माझा विश्वास नाही. भांडण जर-तर करावं की नाही याचं नाहीच. ते उघडपणे करायचं की 'मुळे'च्या आड लपून, एवढाच प्रश्न आहे.

अहंकाराचं मात्र खरं आहे, आणि ही खोड फार जुनी आहे. दोन हजार वर्षांपूर्वी लिव्ही या रोमन इतिहासकाराने मूळ कथन थांबवून एक प्रश्न घेतला: अलेक्झांडर पूर्वेऐवजी आपल्याकडे वळला असता तर? बरीच पानं खर्चून त्याने निकाल दिला की रोमच जिंकलं असतं. रोमन माणूस दुसरं काय म्हणणार! माझा लेख त्याच जातकुळीचा होता, हे कबूल.

पण हत्यार वाईट म्हणून ते टाकून देऊ नये, कारण तेच उलटंही चालतं. अमेरिका रेल्वेने घडवली, अशी तिकडे पक्की समजूत होती. रॉबर्ट फोगेल या अर्थशास्त्रज्ञाने रेल्वे पुसून टाकली, मालवाहतूक कालवे आणि घोडागाड्यांवर घातली आणि १८९० सालचा हिशेब मांडला. राष्ट्रीय उत्पन्नात पडलेला फरक पाच टक्क्यांहूनही कमी निघाला. त्याच्या आकड्यांवर पुढे पुष्कळ वाद झाले, पण जर-तरचा हिशेब पहिल्यांदा पायरीपायरीने लिहून टेबलावर आला. १९९३ मध्ये त्याला नोबेलही मिळालं. गोंजारण्याऐवजी टोचणारं जर-तर ते असं.

आता १९४७ च्या उडीबद्दल. इथे मी साफ हरलो, आणि कसा हरलो ते कागदावर करून पाहिलं. विश्वासराव वाचले, मग लढाई जिंकली, मग उत्तरेत जम बसला, मग कंपनी बंगालात कोंडली गेली, मग कोणीच दुसरा परका आला नाही. पाच पायऱ्या. प्रत्येकीला मी सढळ हाताने शंभरात सत्तर दिले. गुणाकार केला तर सतरा उरतात. म्हणजे ज्या गोष्टीची शक्यता माझ्याच मापाने शंभरात सतरा, ती मी "झालीच असती" म्हणून लिहिली.

बदल किती लहान आहे यावरही भागत नाही. कोकुराचं उदाहरण पाहा. ९ ऑगस्ट १९४५ ला दुसरा अणुबॉम्ब घेऊन निघालेल्या विमानाचं ठरलेलं लक्ष्य जपानमधलं कोकुरा हे शहर होतं. तिथला शस्त्रकारखाना डोळ्यांनी दिसल्याशिवाय बॉम्ब टाकायचा नाही, असा हुकूम. वर ढग आणि धूर. विमानाने तीनदा फेरी मारली, तिन्ही वेळा खाली काही दिसेना, इंधन कमी होत चाललेलं. मग ते नागासाकीकडे वळलं. ढग थोडे पांगले असते तर? एका शहरातली हजारो माणसं जगली असती आणि दुसऱ्यातली तेवढीच मेली असती. त्या माणसांच्या दृष्टीने याहून मोठा फरक नाही. पण जपानची शरणागती? ती बहुधा त्याच आठवड्यात आली असती. हिरोशिमा होऊन गेलं होतं, रशियाही युद्धात उतरला होता. ढगांच्या हातात माणसं होती, युद्धाचा शेवट नव्हता.

याच्या उलट म्युनिक. ८ नोव्हेंबर १९३९ ला जॉर्ज एल्झर या सुताराने खांबात दडवलेला बॉम्ब ठरल्या वेळी फुटला, पण हिटलर तेरा मिनिटं आधी निघून गेला होता. धुक्यामुळे विमान रद्द, रेल्वे गाठायची म्हणून भाषण आटोपतं घेतलेलं. इथे पुढचं सगळं बदललं असतं हे नक्की. कुठल्या बाजूला, हे मात्र जो छातीठोकपणे सांगेल त्याच्यापासून लांब राहावं. माझा मूळ लेख लिहिणाऱ्यापासूनसुद्धा.

म्हणून पानिपत पुन्हा मांडतो, तुमच्या रसदेपासून. गोळी हा वाईट 'जर' होता. अंबारी रिकामी दिसली आणि फौजेचा धीर सुटला असं सांगतात, पण तो सुटण्याइतका उरला होता किती? दोन-अडीच महिने वेढ्यात, बरोबर बायकामुलं, यात्रेकरू, बाजारबुणगे, आणि दाणागोटा संपलेला. खरा 'जर' ऑक्टोबर १७६० मध्ये आहे. अब्दाली यमुनेच्या पूर्वेला अडकलेला, भाऊसाहेब पश्चिमेला, कुंजपुऱ्याचा किल्ला नुकताच हाती आलेला. अब्दाली बागपतजवळ नदी उतरला आणि भाऊ व दिल्ली यांच्या मधे येऊन बसला. त्या पट्ट्यातले उतार, म्हणजे नदी ओलांडता येण्याजोग्या उथळ जागा, नेटाने अडवले असते तर? हा 'जर' मला पटतो. गोळी चुकणं कोणाच्याच हातात नव्हतं, पण उतारावर जास्त फौज बसवणं त्या दिवशी भाऊंना शक्य होतं.

आणि फार पुढे जायचं नाही. उतार अडला असता तर १४ जानेवारीची लढाई तशी, तिथे, उपाशीपोटी झाली नसती. इतकं मी म्हणेन. त्यापुढे एकच पायरी, तीही चाचपडत: इंग्रजांनी बक्सारची लढाई जिंकली १७६४ ला, बंगालची दिवाणी, म्हणजे महसूल वसुलीचा हक्क, मिळवली १७६५ ला, आणि मराठे दिल्लीत परतले १७७१ मध्ये. ती दहा वर्षं गेली नसती तर कंपनीला गंगेच्या खोऱ्यात इतकं मोकळं रान मिळालं असतं का? मला मोह होतो 'नाही' म्हणायचा. पण १७६५ मध्येच मल्हारराव होळकर अवधचा नवाब शुजाउद्दौला याच्या मदतीला गेले होते आणि कोड्याजवळ इंग्रजी तोफांपुढे त्यांना माघार घ्यावी लागली. ही गोष्ट मी मूळ लेखात सोयीस्करपणे विसरलो होतो. तुमच्या नजरेतून ती कशी सुटली, याचंच नवल वाटलं.

लेखातला १९४७ चा परिच्छेद आज काढतो आहे. शीर्षकही बदलतो. बागपतवर नवं काही लिहायचं तर त्या ऑक्टोबरात यमुनेला पाणी किती होतं आणि उतार किती ठिकाणी होते, तिथून सुरुवात करावी लागेल. त्याबद्दल तुमच्या संग्रहात काही असेल तर कळवा, सर. मिशा कुणाच्या ते नंतर ठरवू.